पत्र लिहायला बसलं की पेन का अडतं?

नमस्कार मंडळी.

ज्ञानदेव आणि चांगदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. पण वाघ आणि भिंत एवढंच लक्षात राहतं. मला त्याच्या आधीचा भाग जास्त आवडतो. चांगदेव मोठे योगी, वय म्हणे चौदाशे वर्षं. त्यांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचं होतं. बसले लिहायला आणि मायन्यातच अडकले. वय बघावं तर समोर पोरसवदा मुलगा, म्हणजे ‘चिरंजीव’ लिहायला हवं. अधिकार बघावा तर ‘तीर्थरूप’. काही ठरेना, तेव्हा कोरा कागदच पाठवून दिला. मुक्ताबाईनं तो बघितला आणि म्हणाली, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला! पण ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदालाही उत्तर लिहिलं, पासष्ट ओव्यांचं. तीच ‘चांगदेव पासष्टी’.

तर पत्र सुचत नाही हे दुखणं जुनं आहे. मोबाइल आला म्हणून ते झालेलं नाही.

तुमच्यापैकी पुष्कळ जण विचारतात, आईला पन्नाशीनिमित्त पत्र लिहायचंय, मैत्रीण परदेशी चाललीय, सर निवृत्त होतायत, मनात खूप आहे पण कागदावर येत नाही. माझं म्हणणं असं की ‘मनात खूप आहे’ इथेच घोळ आहे. आपण मनातलं लिहायला बसतो. मग येतं काय? ‘तू माझ्यासाठी खूप खास आहेस. तुझ्याशिवाय मी काहीच नाही.’ आता हेच वाक्य उचलून शेजारच्या काकूंना पाठवलं तरी चालतंय की! दुकानातल्या छापील कार्डावर हेच असतं. भावना खरी असते हो, पण ती कुणाबद्दलची आहे हे त्या वाक्यात कुठेच नाही.

म्हणून मी सांगते, मनात डोकावू नका. त्या माणसाकडे बघा. डोळे मिटा आणि त्याचे हात आठवा. चेहरा नको, हात. काय करतायत ते हात? लसूण सोलतायत? पासबुकाला प्लॅस्टिकचं कव्हर घालतायत? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतायत? जे दिसेल ते लिहा.

‘बाबा, स्कूटर सुरू होईना की तुम्ही ती एका अंगाला कलंडवायचात आणि मग किक मारायचात. मी मागे दप्तर घेऊन उभी. शाळेला उशीर होतोय म्हणून तुमच्यावर चिडायचे. तुम्ही मात्र एकदाही स्कूटरवर चिडला नाहीत.’

झालं की पत्र. यात प्रेम हा शब्द नाही, आभार नाहीत. आणि बाबा हे पत्र कपाटात कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवणार, हे मी तुम्हाला लिहून देते.

आता थोडं जुन्या पत्रांकडे जाऊ. शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं.  पत्र तसं सरकारी. पावसाळ्यात लष्कराचा तळ आहे, दाणा-वैरण जपून वापरा, कुणाला त्रास देऊ नका, असा हुकूम. पण त्यातच महाराज लिहितात की रात्री दिवा तसाच ठेवाल आणि एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. उंदीर! एवढ्या मोठ्या राज्याच्या कारभारात तो उंदीर त्यांना दिसतो. ‘आगीपासून सावध राहावे’ एवढं लिहूनही हुकूम पुरा झाला असता. पण उंदीर आला आणि लिहिणाऱ्या माणसाला किती काळजी होती ते आपल्याला साडेतीनशे वर्षांनी कळतं.

दुसरं पत्र सावित्रीबाईंचं. 1868 साली त्या नायगावला होत्या, माहेरी. जोतीरावांना पत्र लिहिलं. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण, पोथीपुराण सांगत गावोगाव फिरणारा. त्याचं आणि शारजा नावाच्या महार मुलीचं प्रेम जमलं, तिला दिवस गेले. गावकरी दोघांना मारत मारत घेऊन निघाले, जीवच घेणार होते. सावित्रीबाई धावत तिथे गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि दोघांना सोडवलं. पत्रात हे सगळं घडलं तसं लिहिलंय. कोण काय म्हणालं, मग मी काय म्हणाले. नवऱ्याला बायकोनं लिहिलेलं पत्र आहे, आणि ‘तुमची आठवण येते’ची जागा या हकिकतीनं घेतलीय. मला विचाराल तर मराठीतल्या मोजक्या उत्तम पत्रांपैकी हे एक. ज्या माणसाला ही हकिकत सगळ्यांत आधी सांगावीशी वाटली, तो आपल्याला कोण वाटतो हे वेगळं लिहावं लागत नाही.

म्हणजे आठवणी संपल्या असतील तरी चालेल. या आठवड्यात असं काय घडलं जे त्या माणसाला सांगायला हवं होतं, ते लिहा. पालिकेनं गल्ली पुन्हा खणली, लिहा. वरच्या मजल्यावरचा मुलगा तबला शिकायला लागलाय आणि आख्खी बिल्डिंग सहन करतेय, लिहा.

(पोस्टकार्ड कॅमेऱ्यासमोर धरून)

हे ओळखता ना? पन्नास पैशांचं कार्ड. भारतात पोस्टकार्ड सुरू झालं 1 जुलै 1879 रोजी, तेव्हा किंमत होती पाव आणा. आकार साधारण चौदा बाय नऊ सेंटिमीटर. ज्यांना लांब लिहायची धास्ती वाटते त्यांनी इथून सुरुवात करा, जागाच इतकी कमी की फापटपसारा होत नाही. पोस्टमन वाचेल ही भीती असेल तर निळं आंतर्देशीय घ्या. तिथेही एक गंमत असते. जागा संपली की लोक कडेच्या घडीवर आडवं लिहितात, आणि खरी बातमी नेमकी तिथे सापडते! ‘ता. क. सुमीचं जमतंय असं वाटतं, पण कुणाला बोलू नकोस.’

मुंबईतला चाकरमानी कोकणात मनीऑर्डर पाठवायचा, तेव्हा फॉर्मला खाली निरोपासाठी छोटी पट्टी असायची. ‘मी खुशाल आहे. काळजी नसावी. गणपतीला येतो.’ एवढंच मावायचं. आणि ज्याला लिहिता येत नव्हतं तो जीपीओच्या, म्हणजे मोठ्या टपाल कचेरीच्या, बाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडून लिहून घ्यायचा. परक्या माणसासमोर बायकोला काय सांगणार? तरी सांगायचेच. गावी ती पट्टी पोस्टमन वाचून दाखवायचा, म्हणजे तिथे दुसरा परका. एवढं सगळं असूनही बायका त्या पट्ट्या जपून ठेवायच्या.

मायना काय लिहावा, हेही पुष्कळ जण विचारतात. जुनी माणसं सुरुवात करायची ‘कृ. सा. न. वि. वि.’, म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष, मग ‘इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवावी’. आपण त्याला हसतो. पण त्याचा फायदा बघा, तीन ओळी होईपर्यंत हात चालायला लागलेला असायचा. बैलगाडी एकदा उतारावर लागली की बैलांना फार ओढावं लागत नाही, तसं. आपण तो मायना टाकून दिला आणि त्या जागी काहीच आणलं नाही, म्हणून पहिलीच ओळ जड जाते. तेव्हा खुशाल लिहा ‘सा. न. वि. वि.’. आजीला लिहीत असाल तर तिला त्याचं अप्रूपच वाटेल. तीर्थरूप आपल्या आईवडिलांना आणि तीर्थस्वरूप इतर वडीलधाऱ्यांना, हे शाळेत मार्कांसाठी घोकलेलं आता कामाला येईल. ‘गं. भा.’ मात्र मी कुणालाच लिहीत नाही. एखाद्या बाईचा नवरा गेलाय हे पाकिटावर कशाला हवं?

आणि मैत्रिणीला लिहिताना मायना तिचं चिडवायचं नाव. बास.

आता सगळ्यांत अवघड पत्र. कुणी गेल्यावर लिहायचं.

पूर्वी निधनाचं कार्ड यायचं तेव्हा त्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. हातात घेतलं की वाचण्याआधीच कळायचं. ते कार्ड घरात ठेवत नसत, वाचून फाडून टाकायचे. ही झाली बातमी कळवायची रीत. सांत्वनाचं पत्र त्याच्या उलट, ते लोक ठेवतात. आणि तिथेच आपण सगळ्यांत पोकळ लिहितो. ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ ‘काळापुढे कुणाचं चालत नाही.’ ‘धीर धरा.’ ज्या बाईचा नवरा गेलाय तिला चार दिवसांत ही वाक्यं शंभर जणांनी ऐकवलेली असतात. तुम्ही एकशे एकावे होऊ नका.

तिच्याजवळ नसलेली एखादी गोष्ट तिला द्या. म्हणजे तिच्या नवऱ्याची अशी आठवण, जी फक्त तुम्हाला माहिती आहे. ‘जोशीकाका ऑफिसात रोज डब्यातली एक पोळी बाजूला काढून ठेवायचे, रात्रपाळीच्या वॉचमनसाठी. आम्हाला वाटायचं त्यांना भूक कमी आहे.’ घरात तिला हे माहीतच नसेल. ती म्हणेल, म्हणून चार पोळ्या मागत होते होय! गेलेला माणूस तिला थोडासा जास्तीचा मिळाला. सांत्वन म्हणतात ते माझ्या मते एवढंच.

दोन पथ्यं पाळा. ‘कसं झालं?’ हे पत्रात विचारू नका. आणि ‘काही लागलं तर सांगा’ लिहू नका, कोणी सांगत नाही. त्याऐवजी ‘गुरुवारी संध्याकाळी येते, बँकेचे फॉर्म बरोबर भरू’ असं लिहा आणि गुरुवारी जा. तेराव्यानंतर पत्र पाठवलंत तरी उशीर झाला असं समजू नका. उलट तेव्हा घर रिकामं झालेलं असतं, पत्र वाचायला वेळ असतो.

चिठ्ठ्यांचं फार सांगत नाही. डब्यात, चष्म्याच्या घरात, प्रवासाच्या बॅगेत, चार शब्दांची ठेवा. फक्त रोज ठेवू नका, तिसऱ्या दिवशी कोणी उघडून बघत नाही.

अक्षराचं काय? वाईट असेल तर असू दे. कच्चं लिहून मग पक्कं करायच्या भानगडीत पडू नका. खोडलेला शब्द राहू द्या, त्या खाली काय होतं ते वाचणारा उजेडात धरून बघतो, त्यातही मजा असते. मोबाइलवर किंवा एआयकडून मजकूर घेऊन तो हातानं उतरवायचा, असं काही जण करतात. करा बापडे. पण त्या मजकुरात कलंडलेली स्कूटर येणार नाही, कारण ती तुम्ही पाहिलीत.

कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहायचे, माणसांच्या गर्दीपासून लांबच. पण पत्रं भरभरून लिहायचे, इतकी की त्यांचे जाडजूड खंड निघाले. तेव्हा ‘मी अबोल आहे, मला कुठे जमणार’ ही सबब चालायची नाही. अबोल माणसांना उलट हे बरं जमतं, मध्ये कोणी बोलत नाही.

शेवटचं, पत्त्याचं. पिनकोड नक्की लिहा. सहा आकडी पिन 15 ऑगस्ट 1972 पासून आला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, टपाल खात्यात अधिकारी आणि एरवी संस्कृतात नाटकं लिहिणारे. सैन्यातल्या भावाला लिहीत असाल तर गावाचं नाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), त्यानं जसं दिलंय तसंच उतरवा.

आणि समोरच्याचा पत्ताच तुमच्याकडे नाही, असं निघेल बहुतेकांचं. फोनमध्ये नंबर आहे, घर कुठल्या मजल्यावर ते माहीत नाही. तर व्हिडिओ बंद करा आणि आत्ता मेसेज करून पत्ता मागा. कशाला हवाय विचारलं तर सांगा, काम आहे.