सत्तरी ओलांडली? 5 लाखांचं कार्ड जरूर काढा, पण जुनी पॉलिसी बंद करू नका

नमस्कार. घरात कुणाची सत्तरी पूर्ण झाली असेल, तर त्यांना शेजारी बसवून हा व्हिडिओ बघा. विषय आहे आयुष्मान वय वंदना कार्ड.

29 ऑक्टोबर 2024 पासून केंद्र सरकारने 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान भारत योजना खुली केली. उत्पन्नाची अट नाही. रेशनकार्ड पिवळं, केशरी की पांढरं, हे कुणी विचारणार नाही. बंगला असो की भाड्याची खोली, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार कॅशलेस. हप्ता एक रुपयाही नाही. जुना मधुमेह, जुना हृदयविकार, सगळं पहिल्या दिवसापासून धरलं जातं. सत्तरीनंतर या अटींवर पॉलिसी देणारी एकही खासगी कंपनी तुम्हाला सापडणार नाही. म्हणून कार्ड काढाच, यात दुमत नको.

आता दोन गोष्टींत लोकांची गल्लत होते. आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर 5 लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत. आणि कुटुंब आधीपासून आयुष्मानमध्ये असेल, तर ज्येष्ठांचे हे 5 लाख वेगळे आहेत. मुलाच्या ऑपरेशनला ते वापरता येत नाहीत, आणि मुलाच्या आजारपणामुळे कमीही होत नाहीत. केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल, तर दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. खासगी पॉलिसी असेल तर मात्र ती ठेवून हे कार्ड काढता येतं.

आणि इथेच मला कळकळीने सांगायचंय. “आता सरकारचं कार्ड आलं, मग हप्ता कशाला भरायचा?” असं म्हणून पॉलिसी सोडून देऊ नका. कार्ड फक्त योजनेतल्या, म्हणजे अंगीकृत रुग्णालयात चालतं. तुमचे नेहमीचे डॉक्टर जिथे ऑपरेशन करतात ते रुग्णालय यादीत नसेल, तर कार्डाचा तिथे काहीच उपयोग नाही. आणि एकदा पॉलिसी मोडली की बहात्तराव्या वर्षी नवी घेताना जुन्या आजारांसाठी पुन्हा 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हप्ता जड जातो हे मलाही दिसतं. पण 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झालाय. शिवाय ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी विमा नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी बोलावं लागतं. अगदीच झेपत नसेल, तर विम्याची रक्कम कमी करून घ्या, पण पॉलिसी चालू ठेवा.

आता खर्चाचं बघू. समजा आजी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अंगीकृत रुग्णालयात नेलं. ऑपरेशन, आत बसवायचा रॉड, जनरल वॉर्डातली खाट, जेवण, तपासण्या हे सगळं पॅकेजमध्ये येतं. भरती होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरच्या 15 दिवसांची औषधंही त्यातच. आणि घरी आल्यावर बाकीचं? वॉकर, कमोडची खुर्ची, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट, दिवसरात्रीची आया. हा सगळा खर्च घरच्यांचा. आणि आया काही आठवड्याभरात सुटत नाही, कित्येकदा महिनोन्‌महिने ठेवावी लागते.

ओपीडीचंही तसंच. बीपीची गोळी, शुगरची गोळी, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी यातलं काहीही या कार्डात बसत नाही. म्हातारपणी महिन्याच्या महिन्याला पैसा जातो तो मेडिकलच्या दुकानात, आणि माझ्या मते या योजनेतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. सरकारने ज्येष्ठांच्या रोजच्या औषधांचा विचार करायलाच हवा.

तोवर हातात काय आहे? जनऔषधी केंद्र. तिथे त्याच घटकांची गोळी ब्रँडेडपेक्षा 50 ते 80 टक्क्यांपर्यंत स्वस्त मिळते. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा, संकोच करू नका. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरसाठी तरी तिथे जाऊन बघा.

रुग्णालयात गेल्यावर काय करायचं? भरती होतानाच आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल गाठा आणि कार्ड दाखवा. आधी बिल भरून नंतर सरकारकडे पैसे मागायची सोय या योजनेत नाही, त्यामुळे “आत्ता डिपॉझिट भरा, मग बघू” याला हो म्हणू नका. अडवणूक झाली तर तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, 14555 ला, फोन लावा.

कार्ड मोबाइलवर, आयुष्मान ॲपमधून निघतं. फक्त आधार लागतं. पण वय आधारवरूनच धरलं जातं, आणि घोडं अडतं ते इथेच. आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. वर्षही अंदाजाने. खरं वय 73 आणि आधारवर 68 असेल, तर कार्ड निघणार नाही. दुरुस्ती आधार केंद्रात होते, पण जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते आणि पुरावा लागतो. पासपोर्ट, पेन्शनचे कागद, दहावीचं प्रमाणपत्र, जे असेल ते शोधून ठेवा.

आणि शेतात, घरात राबून बोटांच्या रेषा झिजल्या असतील, मशीन ठसा घेत नसेल, तर परत फिरू नका. ओटीपी, डोळ्यांची बुबुळं किंवा चेहरा, यांवरही केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, होते. मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे ना, तेवढं आज संध्याकाळी तपासून घ्या.