उतरायची वाट

नमस्कार. फराळाच्या ताटल्या हातात असताना भाषण सुरू करणाऱ्या कार्यकारिणीचं कौतुक. आता कोणी पळू शकत नाही. विषय दिलाय ‘म्युनिकजवळचे डोंगर : भटकंती आणि स्कीइंगची सुरुवात’. वेळ वीस मिनिटं. त्यातली थोडी तक्रारीसाठी घेतो.

आपल्यातलं कोणीही डोंगरावरून आलं की आपण विचारतो, “किती वेळात चढलास?” उतरलास कसा, हे कोणी विचारत नाही. सह्याद्रीत वाढलेल्यांचा हा रोगच आहे. फोटो माथ्यावर, घोषणा माथ्यावर. उतरताना सगळे गप्प, कारण तेव्हा गुडघे बोलत असतात. राजगड केलेल्यांनी हात वर करा बरं. वा, निम्मं सभागृह! आता गुंजवण्याच्या बाजूला चोरदरवाज्याच्या वाटेने बुडावर बसून उतरलेल्यांनी वर ठेवा. बघा, कसे झरझर खाली आले.

मीही त्यातलाच. इथे आल्यावरचा माझा पहिलाच ऑक्टोबर. टेगर्नझे तळ्याजवळचा वॉलबर्ग डोंगर, उंची १७२२ मीटर. आपली कळसूबाई १६४६. म्हटलं, ही तर कळसूबाईची थोरली बहीण. चढलो झकास. वरच्या छोट्या चर्चपाशी बसून दशम्या खाल्ल्या आणि रोपवेचं तिकीट वाचवू म्हणून पायीच उतरायला लागलो. (ते पैसे पुढे मलमात गेले.)

तो ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. म्हणजे पहाटेच हिवाळ्याच्या वेळेसाठी इथली घड्याळं तासभर मागे गेलेली. आदल्या रविवारी सहा वाजेपर्यंत ऊन होतं, त्या भरवशावर मी चारला निघालो. पाचला सूर्य गेला. रानात बीच झाडांची ओली पानं, पानांखाली मुळं, पुण्याहून आणलेल्या बुटांचे तळ गुळगुळीत. टॉर्च घरी, कारण ट्रेक दुपारचा! एका वळणावर तर झाडाला मिठी मारून उभा होतो. तेवढ्यात मागून टकटक ऐकू आली. सत्तरीच्या एक आजी, कपाळाला टॉर्च, हातात दोन काठ्या. त्यांनी एक काठी मला दिली, “लांगझाम” म्हणाल्या, म्हणजे सावकाश, आणि पुढे झाल्या.

माझं जर्मन तेव्हा भाजीपाल्यापुरतं. तरी अब्रू राखायला मी राजगड काढला. म्हटलं, पंधरा वर्षं डोंगर चढतोय. आजी वळल्या, माझ्या पायांवर उजेड टाकला आणि विचारलं, “तिकडे उतरायची वाट नाही का?”

हसा, हसा. हा किस्सा मी घरी सांगितला तेव्हा बायकोही अशीच हसली होती.

खाली पोचेपर्यंत आजींनी एवढंच शिकवलं : पाऊल लहान, गुडघा कधी ताठ नाही, वजन पायावर. घसाऱ्यावर आपण घाबरून मागे रेलतो आणि रेललो म्हणूनच घसरतो. वीस वर्षांचा ट्रेकर हे ऐकत नाही; चाळिशीत गुडघ्यांचा डॉक्टर ऐकवतो.

इथे वेळेचा हिशेबही उतार धरून करतात. तासाला ३०० मीटर चढ किंवा ५०० मीटर उतार, आणि सपाटीवर ४ किलोमीटर. उंचीचा वेळ वेगळा काढा, अंतराचा वेगळा. मोठा अख्खा घ्या, लहान निम्मा त्यात मिळवा. वाट ४ किलोमीटरची आणि चढ ९०० मीटरचा असेल, तर वर जायला साडेतीन तास, उतरायला सव्वादोनच्या थोडे वर. त्यात आपलं फोटोसेशन धरलेलं नाही. पायवाटांच्या पाट्यांना रंग असतो : निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. पहिलं वर्ष निळीवर काढा, कोणी हसत नाही.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? अहो, स्कीइंग राहिलंय!

बरं, भराभर सांगतो. स्कीइंगमध्ये चढायचं काम यंत्र करतं. म्हणजे आपल्याला जे येत नाही, नेमकं तेवढंच शिल्लक राहतं. सामान विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. बुटात उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. हेल्मेट हवंच. पहिले दोन-तीन दिवस शिक्षक लावा. नवऱ्याकडून शिकू नका, संसार टिकवायचाय. थांबायचं असेल तर स्कीची टोकं जवळ, टाचा लांब. इथे पोरांना याला पिझ्झा म्हणतात, आपण पाचर म्हणू. भीती वाटली की अंग मागे जातं, आणि ते मागे गेलं की स्की सुसाट सुटतात. पुन्हा आजींचाच धडा : नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली ठेवा. पडायचंच झालं तर बाजूला, चढाच्या अंगाला. पुढच्याला धक्का लागू न देणं ही मागून येणाऱ्याची जबाबदारी. म्युनिकहून लेंगग्रीसला थेट गाडी जाते, तिथे स्कीइंगसाठी ब्राउनेकचा डोंगर आहे.

आणखी दोनच गोष्टी. डॉयचर आल्पेनफेराइन, म्हणजे १८६९ साली याच म्युनिकमध्ये स्थापन झालेली डोंगरभटक्यांची संस्था, तिचं सभासदत्व घ्या. डोंगरात अडकलात तर सुटकेच्या खर्चाचा विमा त्यात येतो. फोन लागला तर ११२. नाही लागला तर शिट्टी किंवा टॉर्च, मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

हो हो, बसतो. नॉयरॉइटच्या डोंगरावर येत्या रविवारी जातोय, टेगर्नझे स्टेशनातून पायीच, सोपी वाट आहे. चहाच्या टेबलापाशी वही ठेवलीय, नावं लिहा. आजींची काठी माझ्याकडेच राहिलीय, ती एकाला मिळेल. टॉर्च मात्र ज्याचा त्याने आणायचा.