चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

(दृश्य: हात जवळून. तीन बोटांत मीठ.)

या हाताकडे नीट बघा. तीन बोटांची चिमूट, तीही पहिल्या पेरापर्यंतच. एवढंच मीठ. मग मूठभर गूळ आणि अर्धा शेर, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी. मीठ जास्त पडलं तर बाळाच्या जिवाला धोका, म्हणून माप चुकवायचं नाही.

जुलाब लागले की शरीरातलं पाणी आणि मीठ झपाट्याने निघून जातं. नुसतं मीठपाणी आतडं नीट शोषत नाही. ग्लुकोज सोबत असलं की शोषतं; घरच्या पाण्यात ते गुळातून मिळतं. जलसंजीवनीचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे.

(दृश्य: छावणीची जुनी छायाचित्रं.)

१९७१. पश्चिम बंगालमधलं बनगाव. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरलेला, सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पिंपांत भरलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं.

उपाय सापडला होता. खेड्यातल्या आईला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

(दृश्य: अंगणात बसलेल्या बायका, मधे पातेलं.)

१९८० पासून 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या बांगलादेशात दारोदार फिरू लागल्या. कार्यकर्ती आधी समजावून सांगायची, मग पातेलं आईच्या पुढ्यात सरकवायची. मीठ आईच्याच चिमटीने पडायचं. साधारण महिन्याभराने दुसरंच कुणीतरी काही निवडक घरी जाऊन विचारायचं: काय आठवतंय? करून दाखवता? ते पाणी प्रयोगशाळेत तपासलं जायचं. आणि कार्यकर्तीचा मेहनताना? तो आईला किती आठवतंय यावर ठरायचा. किती घरं उरकली याला किंमत नव्हती. शिकवणं कशाला म्हणायचं, हे इथे कळतं.

तरीही या मीठ-गुळाच्या पाण्याचा वापर वाढेना. चौकशीत निघालं की खुद्द शिकवणाऱ्यांपैकीच अनेकांचा त्यावर विश्वास नव्हता. कृती पाठ होती, कारण ठाऊक नव्हतं. मग हे पाणी शरीरात नेमकं काय करतं, ते आधी त्यांना उलगडून सांगण्यात आलं. पुरुषांनाही बाजारात, मशिदीत गाठून समजावलं गेलं.

(दृश्य: होडीतून निघालेल्या कार्यकर्त्या.)

दहा वर्षांत १ कोटी २० लाखांहून जास्त घरी जाऊन शिकवून झालं. देशाच्या प्रगतीचा हिशेब मांडताना आपण धरणं मोजतो, कारखाने मोजतो. ही घरंही त्यातच धरायला हवीत.

(दृश्य: वाटीने पाणी पाजणारी आई.)

१९९० साली बांगलादेशात हजारातली सुमारे १४५ मुलं पाच वर्षांची होण्याआधीच दगावत. आता हा आकडा ३० च्या आसपास आहे. त्यात लसीकरणाचाही मोठा वाटा आहे.