गादीखाली

(पडद्यावर हिवाळ्याचं फिकट आभाळ. एकच निळा पतंग. आवाज फक्त वाऱ्याचा.)

काबूल, १९७५चा हिवाळा. बारा वर्षांचा अमीर रस्त्यात उभा आहे. काच लावलेल्या मांजाने त्याची बोटं रक्ताळलीत. गच्चीवरून बाबा बघताहेत. शेवटचा निळा पतंग कटतो, आणि तो आणायला हसन गल्ल्यांमधून धावत सुटतो.

खालेद हुसैनींची ‘द काइट रनर’ २००३ साली आली. हुसैनी स्वतः काबूलचे. पुढे अमेरिकेत आश्रय घेऊन डॉक्टर झाले आणि ही पहिली कादंबरी त्यांनी दवाखाना सांभाळून पहाटे उठून लिहिली.

अमीर पश्तून, सुन्नी, श्रीमंत घरातला. हसन त्याच घरच्या नोकराचा मुलगा, हजारा या अल्पसंख्य जमातीतला, शिया. दोघं एकाच दाईच्या दुधावर वाढलेले. डाळिंबाच्या झाडाखाली अमीर ‘शाहनामा’ या फारसी महाकाव्यातली रुस्तम-सोहराबची गोष्ट वाचून दाखवतो, कारण हसनला वाचता येत नाही. कधी एखाद्या शब्दाचा मुद्दाम चुकीचा अर्थ सांगतो आणि मनातल्या मनात हसतो. मैत्री खरी आहे, पण ती सपाट जमिनीवरची नाही. एकजण कायम वरच्या पायरीवर.

(रिकामी गल्ली. कॅमेरा कोपऱ्याशीच थांबतो.)

पतंग हातात घेतलेल्या हसनला तीन मुलं गाठतात. त्यांचा म्होरक्या आसेफ त्याच्यावर अत्याचार करतो. अमीर भिंतीआडून बघतो. आणि पळतो. घाबरला म्हणून, हे तर आहेच. पण त्या पतंगाच्या बदल्यात बाबांची शाबासकी मिळणार होती, हेही तो पुढे स्वतःशी कबूल करतो.

वाचक बोलतात ते बहुतेक या गल्लीबद्दलच. मला मात्र काही महिन्यांनंतरचा प्रसंग जास्त बोचतो. घाबरलेलं पोर पळालं, हे समजू शकतं. पण नंतर? हसन रोज समोर येतो. कपड्यांना इस्त्री करतो, न्याहारी मांडतो, तक्रारीचा शब्द नाही. ते अमीरला सहन होत नाही. म्हणून वाढदिवसाला बाबांनी दिलेलं घड्याळ आणि थोड्या नोटा तो हसनच्या गादीखाली ठेवतो आणि चोरीचा आळ घेतो.

चोरीखेरीज दुसरं पापच नाही, असं मानणारे बाबा विचारतात, तू चोरलंस? हसन ‘हो’ म्हणतो. आपण खरं सांगितलं तर अमीर खोटा ठरेल, हे त्याला कळलेलं असतं. बाबा तिथल्या तिथे माफ करतात. तरीही भर पावसात हसन आणि त्याचे वडील घर सोडतात. अमीर खिडकीतून बघत राहतो. पुन्हा नुसता बघत.

(काच. पावसाचे ओघळ.)

मग सोव्हिएत फौजा, तेलाच्या टँकरमधून पलायन, कॅलिफोर्निया, लग्न. २००१मध्ये पाकिस्तानातून बाबांचे जुने मित्र रहीम खान यांचा फोन येतो. अमीर तिकडे गेल्यावर कळतं, तालिबानने हसनला गोळी घातलीय. त्याचा मुलगा सोहराब काबूलच्या अनाथाश्रमात आहे. आणि हसन हा बाबांचाच मुलगा होता. चोरीला एकमेव पाप म्हणणाऱ्या बाबांनी दोन्ही मुलांकडून भाऊ चोरला होता.

पुढचा संघर्ष गाजलेला आहे. तालिबानी अधिकारी म्हणून समोर येतो तो आसेफच. अमीरचा ओठ फाटतो तो हसनच्या जन्मतः दुभंगलेल्या ओठासारखाच. सोहराबच्या हातातही बापासारखीच बेचकी. इथे लेखकाने गाठी जरा जास्तच घट्ट मारल्यात, असं मला वाटतं.

त्याआधीची एक रात्र मला अधिक खरी वाटते. काबूलच्या वाटेवर अमीर एका गरीब घरात उतरतो. पोरं त्याच्या मनगटाकडे टक लावून बघतात असं वाटून तो घड्याळ त्यांना देऊन टाकतो. रात्री भिंतीपलीकडचं बोलणं कानावर येतं. पोरांची नजर घड्याळावर नव्हतीच, त्याच्या ताटावर होती. पाहुण्याला वाढल्यावर त्यांच्यासाठी काही उरलं नव्हतं. सकाळी, कोणाचं लक्ष नाही असं बघून, अमीर मूठभर नोटा गादीखाली सरकवतो.

सव्वीस वर्षांनी, पुन्हा गादीखाली. बघायला हसन नाही.

हसनला कधी राग का येत नाही, हा प्रश्न कादंबरी मिटल्यावरही जात नाही. मोठेपणी तो लिहायला शिकला, अमीरला पत्र पाठवलं. त्यातही त्या गल्लीचा उल्लेख नाही.

सोहराबला वाचवल्यावरही हिशेब मिटत नाही. पुन्हा अनाथाश्रमात पाठवणार नाही, हा शब्द अमीर मोडू बघतो आणि पोरगा न्हाणीघरात मनगटं कापून घेतो. जगतो, पण बोलणं थांबतं. अमेरिकेत आल्यावरही महिनोन्‌महिने तो गप्पच.

(उद्यान. ढगाळ आभाळ. आता पतंग दोन.)

मार्च २००२, फ्रीमाँट. अमीर हसनचाच जुना डाव टाकून हिरवा पतंग काटतो. सोहराबच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलतो, इतकंच. तो पतंग आणून देऊ का, असं अमीर विचारतो. आणि किंचाळणाऱ्या पोरांच्या घोळक्यातून हा मोठा माणूस धावत सुटतो. या वेळी पतंग दुसऱ्यासाठी आहे.