पोत्याच्या तळाशी काय आहे? : जोसेफ स्टर्ज आणि आपण

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘जोसेफ स्टर्ज आणि आपण’. त्यातला ‘आपण’ मी शेवटी घेणार आहे, तेव्हा मागच्या रांगेतल्यांनी चहासाठी उठायची घाई करू नये. स्टर्ज म्हणजे एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीविरुद्ध झगडलेला एक इंग्रज. पण त्याच्याही आधी मला आमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात जायचंय.

माझ्या वडिलांची मराठवाड्यात आडत होती. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एक दिवस तुरीचा माल आला. पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढायची पद्धत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मी मोठ्या रुबाबात नळी खुपसली, तळहातावर दाणे घेतले. टपोरे, लालसर, एकसारखे. म्हणालो, “माल चांगलाय, बाबा.” वडील काही बोलले नाहीत. त्यांनी हमालाला खूण केली आणि पोतं ताडपत्रीवर पालथं केलं. वरच्या हातभर तुरीखाली सगळं मातेरं. खडे, काडीकचरा, किडकी डाळ. वडील एवढंच म्हणाले, “तोंड बघून पोतं घ्यायचं नसतं.” मग ती तूर मला सुपात घेऊन पाखडायला लावली. संध्याकाळपर्यंत.

हे सांगायला कारण आहे. आपल्याकडे गोष्टीत, कीर्तनात, नाटकात व्यापारी आला की तो मापात पाप करणारा असतो. शाळेत एका गुरुजींनी मला भर वर्गात विचारलं होतं, “काय रे, तुझ्या बापाचा शेर किती छटाकांचा?” वर्ग हसला. माझ्या मनात ते हसणं साठ वर्षं टिकलंय. मापात पाप करणारे मी पाहिलेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण पोतं पालथं करणारेही याच मोंढ्यात असतात, आणि त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. म्हणून मी गेली कित्येक वर्षं बर्मिंगहॅमच्या एका धान्य-व्यापाऱ्याची गोष्ट जिथे जागा मिळेल तिथे सांगत असतो.

जोसेफ स्टर्जचा जन्म 1793 चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमधलं एल्बर्टन गाव, वडील शेतकरी. घराणं क्वेकर. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ. पुरोहित नाही, मूर्ती नाही, सगळे गोल करून गप्प बसतात आणि ज्याला आतून सांगावंसं वाटेल तो उठून बोलतो. शपथ घ्यायची नाही, कारण शपथेवर खरं बोलणारा एरवी खोटं बोलतो असा त्याचा अर्थ होतो. शस्त्र हाती धरायचं नाही. कुणापुढे टोपी काढायची नाही आणि सगळ्यांना ‘तू’ म्हणायचं, राजालासुद्धा. आपण विठोबाला ‘तू’ म्हणतो, तेव्हा हे आपल्याला कळायला जड जाऊ नये.

शपथ नाही, म्हणून ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी नाही, सरकारी हुद्दा नाही. मग ही माणसं उद्योग-व्यापारात शिरली. बार्कलेज बँक, लॉइड्स बँक, ही मुळं क्वेकरांची. आणि ज्याच्या चॉकलेटसाठी तुमची नातवंडं हट्ट धरतात तो कॅडबरीही क्वेकरच, 1824 मध्ये बर्मिंगहॅममध्येच दुकान थाटलेला. घासाघीस नको म्हणून मालाला एकच भाव ठेवायची रीत त्यांनी पाळली, आणि दिवाळं काढून लोकांचे पैसे बुडवणाऱ्याला पंथाबाहेर घालवलं. आमच्या मोंढ्यात हा नियम असता तर... असो. अध्यक्ष माझ्याकडे बघतायत, त्यांचं स्वतःचं दुकान आहे.

स्टर्ज वीस वर्षांचा असताना सक्तीच्या सैन्यभरतीत त्याची चिठ्ठी निघाली. तो म्हणाला, येणार नाही. त्याबद्दल त्याच्या मेंढ्या आणि गुरं हाकलून नेऊन विकली. तिथून तो धान्याच्या व्यापारात आला आणि 1822 मध्ये बर्मिंगहॅमला स्थिरावला. भाऊ चार्ल्स भागीदार. पेढी देशातल्या मोठ्या धान्य-पेढ्यांपैकी एक झाली. पुढे जोसेफ जगभर सभा घेत हिंडला आणि पेढी चार्ल्सनं सांभाळली. सभागृहात ज्यांचे भाऊ आत्ता दुकानात बसलेत त्यांनी हात वर करा. बघा, किती आहेत! त्या चार्ल्सचं नाव मी मुद्दाम घेतो. त्याच्यावाचून यातलं काही झालं नसतं.

आता मुख्य गोष्ट. ब्रिटिश संसदेनं गुलामांचा व्यापार 1807 मध्ये बंद केला आणि गुलामगिरी रद्द करणारा कायदा 1833 मध्ये केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे एका ओळीत येतं आणि तिथे पूर्णविराम पडतो. त्या पूर्णविरामाशीच माझं भांडण आहे. कायद्यानं मळेवाल्यांना, म्हणजे वसाहतींत गुलाम राबवणाऱ्या ऊसमळ्यांच्या मालकांना, नुकसानभरपाई दिली, 2 कोटी पौंड. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश खजिन्यानं 2015 पर्यंत फेडलं. आणि ज्या सुमारे आठ लाख माणसांनी जन्मभर फुकट ऊस तोडला त्यांच्या खात्यावर? शून्य. उलट त्यांच्या नावावर आणखी देणं काढलं. 1 ऑगस्ट 1834 पासून ती स्वतंत्र नाहीत, ‘उमेदवार’ आहेत, काम शिकतायत! शेतावर काम करणाऱ्यांनी सहा वर्षं आणि घरकाम करणाऱ्यांनी चार वर्षं त्याच मालकाकडे राबायचं, आठवड्यातले चाळीसहून जास्त तास बिनपगारी. आयुष्यभर ऊस तोडलेल्या माणसाला ऊस तोडायचं शिक्षण.

लंडनमध्ये आनंदीआनंद होता. मोठमोठी भलीभली माणसं काम झालं म्हणून घरी गेली. पोत्याचं तोंड छान दिसत होतं. स्टर्ज म्हणाला, मी जाऊन बघतो.

1836 च्या अखेरीस तो आणि त्याचा मित्र थॉमस हार्वी जहाजानं वेस्ट इंडीजला गेले. आधी अँटिग्वा बेटावर. हे आडत्याचं डोकं बघा. अँटिग्वाच्या मळेवाल्यांनी ‘उमेदवारी’ न ठेवता 1834 लाच सगळ्यांना एकदम मोकळं केलं होतं. तिथे ऊस उभा होता, गाळप चालू होतं, कुणी कुणाचा गळा कापला नव्हता. म्हणजे आधी चांगला नमुना हातात घेतला आणि मग जमैकाचं पोतं उघडलं.

जमैकात कायद्यानं चाबूक मालकाच्या हातून काढून घेतला होता, खरं आहे. तो दंडाधिकाऱ्याच्या हातात दिला होता. मालकानं तक्रार करायची, दंडाधिकाऱ्यानं मालकाच्याच बंगल्यावर जेवायचं आणि निकाल द्यायचा. तुरुंगात पायचक्की होती. पायऱ्यांचं मोठं लाकडी दंडगोल, वर आडव्या दांड्याला हात बांधलेले, खाली चाक फिरतंय. पाय चुकला की पायरी नडगीवर आदळते आणि माणूस मनगटांवर लोंबकळतो. बायकांना फटके मारायचे नाहीत असं कायदा सांगत होता. त्या चाकावर बायकांनाही फटके बसत होते.

तिथे त्याला जेम्स विल्यम्स भेटला. अठराएक वर्षांचा पोरगा, सेंट ॲन भागातल्या मळ्यावरचा. त्याचं म्हणणं असं की गुलाम होतो तेव्हा इतकं कधी झालं नाही. नवा कायदा आल्यापासून सात वेळा फटके खाल्ले आणि चार वेळा तुरुंग पाहिला. ऐका, मंडळी. मुक्तीच्या कायद्यानंतर जास्त. ‘उमेदवारा’ला उरलेल्या वर्षांची किंमत भरून सुटता येत असे. स्टर्जनं ती भरली, जेम्सला इंग्लंडला आणलं आणि 1837 मध्ये त्याची हकिकत त्याच्या शब्दांत छापली. जमैकाचे मळेवाले ओरडले, खोटं आहे. सरकारनं चौकशी नेमली. साक्षीदारांमागून साक्षीदार आले, त्यांच्यात मळ्यांवरच्या बायकाही होत्या, आणि पोरगा बोलला ते जवळजवळ सगळं खरं निघालं.

मला इथे दर वेळी थांबावंसं वाटतं. स्टर्जचं नाव आज निदान बर्मिंगहॅमच्या पुतळ्यावर आहे. पण ते पोतं आतून ज्यानं दाखवलं तो जेम्स होता. नळी खुपसणाऱ्याला आतलं दिसतं, आत असणाऱ्याला ते सोसावं लागतं.

मग सभा, अर्ज, सह्यांचे गठ्ठे. मे 1838 मध्ये ‘उमेदवारी’ संपवावी असा ठराव संसदेत 96 विरुद्ध 93 मतांनी निघाला. सरकारनं तो पुढे गुंडाळला, पण वारं फिरलं होतं. वसाहतींनी आपणहून हात टेकले आणि 1 ऑगस्ट 1838 ला ‘उमेदवारी’ दोन वर्षं आधी संपली. जमैकातल्या फाल्मथ गावी लोकांनी एका शवपेटीत साखळी, चाबूक आणि गळ्यातलं लोखंडी कडं ठेवलं आणि मध्यरात्री पुरलं.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटं’. कार्यवाहांचं अक्षर सुंदर आहे, तरी आता धावतो.

स्टर्जनं 1839 मध्ये जगभरातल्या गुलामगिरीविरुद्ध संस्था काढली. ती आजही लंडनमध्ये काम करते. 1840 मध्ये लंडनला जागतिक परिषद भरवली आणि तिथे तो चुकला. अमेरिकेहून ल्युक्रेशिया मॉटसारख्या स्त्री-प्रतिनिधी आल्या होत्या. मॉट स्वतः क्वेकर, पंथाच्या सभांत बोलणारी. त्यांना प्रतिनिधी म्हणून बसू दिलं नाही आणि स्टर्ज बसू न देणाऱ्यांच्या बाजूला होता. हे मी झाकणार नाही. गरीब कामकऱ्यांना मत मिळावं म्हणून तो 1842 मध्ये झगडला, निवडणुका हरला. दारूला विरोध म्हणून दारूसाठी जाणाऱ्या जवाचा धंदा सोडला, आणि धान्यवाल्यांना ठाऊक आहे त्यात किती पैसा असतो ते. 1854 मध्ये ब्रिटन आणि रशियातलं युद्ध टाळायला भर हिवाळ्यात रशियाच्या झारला भेटायला गेला. वर्तमानपत्रांनी चेष्टा केली. युद्ध झालंच, आणि त्यात ब्रिटिश आरमारानं तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या फिनलंडच्या किनाऱ्यावर लोकांची खाजगी कोठारं जाळली. युद्ध संपल्यावर हा साठी उलटलेला माणूस तिथे गेला, हानी स्वतः पाहिली आणि मदतनिधी उभारला. तिथेही आधी पाहणी, मग पैसे.

आता ‘आपण’. 1833 च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. म्हणजे आपण. कंपनीच्या कोर्टांनी गुलामीचा हक्क मानू नये असा कायदा हिंदुस्थानात 1843 मध्ये झाला. तोवर ऊसमळ्यांना नवे हात हवे होते. जॉन ग्लॅडस्टन, पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचे वडील, गुलामांपोटी 1 लाख पौंडांहून जास्त भरपाई घेऊन बसले होते. त्यांनी पत्रं लिहून कलकत्त्याहून माणसं मागवली आणि 1838 मध्ये दोन जहाजं दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानाला पोहोचली. करार, अंगठा, पाच वर्षं. आपण ज्याला गिरमिट म्हणतो ते. स्टर्जचा सहकारी जॉन स्कोबल 1839 मध्ये गयानाला गेला आणि ग्लॅडस्टनच्या मळ्यात त्यानं तेच पोतं उघडलं. फटके, कोंडून ठेवणं, पळालेली माणसं, तापानं मेलेली माणसं. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारनं अशी माणसं पाठवणं थांबवलं. पण मळेवाल्यांचा रेटा मोठा होता. 1842 मध्ये मॉरिशससाठी दार पुन्हा उघडलं आणि त्यातून मुंबई बंदरातूनही गलबतं भरून माणसं गेली. कोकणातली, घाटावरची. आज मॉरिशसला मराठी आडनावं आहेत, गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टी आहे. त्या आडनावांच्या मागे अशी एकेक अंगठ्याची खूण आहे.

आणि एक राहिलं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना, काळ्या माणसांच्या मुक्तीसाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. जोतीरावसुद्धा बांधकामाची कंत्राटं घेणारे, माल पुरवणारे व्यापारी होते. माझे गुरुजी आज असते तर मी त्यांना हे नक्की सांगितलं असतं.

घंटा झाली. मॉरिशसबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत. पहिली चिठ्ठी तिथलीच घेऊ.