एका रात्रीची खानेसुमारी

नमस्कार श्रोतेहो. जनगणनेला आपली जुनी माणसं खानेसुमारी म्हणत, म्हणजे घरांची मोजदाद. आज बोलायचं आहे ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडच्या खानेसुमारीबद्दल. तिथली माणसं आपले खापरपणजोबा याच कागदांत शोधतात.

दर दहा वर्षांनी, एका ठरलेल्या रविवारी रात्री घरात कोण कोण मुक्कामाला होतं, ते तक्त्यात भरायचं. प्रगणक दुसऱ्या दिवशी तक्ते गोळा करी आणि आपल्या वहीत उतरवून घेई. मूळ तक्ते पुढे नष्ट झाले, उरल्या त्या वह्या. घरात कुणाला लिहिता येत नसेल, तर आडनाव प्रगणकाच्या कानावर पडलं तसंच वहीत गेलं. म्हणून नाव सापडलं नाही तर उच्चार बदलून पुन्हा शोधावं.

१८४१ ची वही जरा जपून वाचावी. पंधरा वर्षांवरच्यांची वयं तिथे बहुतेक पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत. चोवीस वर्षांचा तरुण वीसचा दिसतो. कोण कुणाचं कोण, तेही लिहिलेलं नाही. १८५१ पासून मात्र कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न झालंय की नाही आणि जन्मगाव, सगळं मिळतं.

त्यातला जन्मगावाचा रकाना मला सगळ्यात प्रिय. समजा, मँचेस्टरमधल्या एका गिरणी कामगाराचं थोरलं मूल नॉरफोकच्या खेड्यातलं, मधलं डर्बीचं आणि धाकटं मँचेस्टरचंच. मुलांची वयं शेजारी मांडली की शेत सोडून गिरणीपर्यंत आलेल्या त्या घराची वाट वर्षांसकट उलगडते. आणि दोन भावंडांत पाच-सहा वर्षांचं अंतर दिसलं, तर दफनाच्या नोंदी जरूर पाहाव्यात. मधलं एखादं लेकरू तिथे भेटतं.

आपल्याकडेही १८८१ च्या फेब्रुवारीत देशभर एकाच वेळी शिरगणती झाली, पण घरोघरचे तक्ते जपले गेले नाहीत. आपली वंशावळ शोधायला आपण त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडतो.

तरी त्या इंग्रजी वह्यांत आपलं माणूस अगदीच नाही, असं नाही. हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबाच्या घराची यादी शेवटपर्यंत वाचा. मुलांच्या खाली, नोकरांच्या ओळींत कधी एक बाई असते. जन्म, हिंदुस्थान. काम, आया. आणि नावाच्या जागी कित्येकदा पुन्हा तेवढंच, आया.