कातडीखालची चिप आणि नकाराचा हक्क

श्रोतेहो, नमस्कार.

शरीरात चिप बसवली की माणूस कुठे आहे ते उपग्रहावरून कळते, असा समज बराच पसरलेला आहे. तो खरा नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जाड सुईने कातडीखाली सोडली जाणारी ही चिप तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या नळीत बंद असते. तिला बॅटरी नसते. वाचक यंत्र काही सेंटिमीटरवर आले की त्याच्याच लहरींच्या ऊर्जेवर ती आपला क्रमांक कळवते आणि पुन्हा गप्प होते. पण कोणते दार किती वाजता उघडले, याची नोंद यंत्रामागच्या संगणकात उरते, आणि अशा नोंदी एकत्र आल्या की माणसाचा सगळा दिवस परक्याच्या हाती जातो. माझी काळजी या नोंदींविषयी आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली ‘व्हेरीचिप’ला परवानगी दिली. बेशुद्ध रुग्णाची वैद्यकीय माहिती सोळा अंकी क्रमांकावरून डॉक्टरांना तत्काळ मिळावी, हा हेतू चांगलाच होता. परंतु तो क्रमांक कोणत्याही संरक्षणाविना प्रसारित होत असे, आणि त्याची नक्कल सहज करता येते हे संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. पुढे २०१० मध्ये तिची विक्री थांबली.

त्याच २००६ साली विस्कॉन्सिन राज्याने कोणावरही चिपची सक्ती करण्यास कायद्याने मनाई केली. आणि याच राज्यात २०१७ साली ‘थ्री स्क्वेअर मार्केट’ या कंपनीच्या चाळीसहून अधिक कर्मचाऱ्यांनी दार उघडण्यासाठी आणि संगणक सुरू करण्यासाठी स्वखुशीने चिप बसवून घेतली. कायदा मोडला गेला नाही. तरीही, ज्याच्या हाती आपला पगार आहे त्याने विचारल्यावर दिलेला होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न उरतोच. ओळखपत्र संध्याकाळी खणात ठेवता येते. चिप घरीही सोबत येते.

म्हणून केवळ सक्तीला बंदी पुरेशी नाही, असे माझे ठाम मत आहे. नकार देणाऱ्याला साधे ओळखपत्र तितक्याच सोयीने मिळाले पाहिजे, नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातील हे आधी लेखी कळले पाहिजे, आणि नोकरी सोडताना ती चिप कोण, कोणाच्या खर्चाने काढणार, हेही सुई टोचण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे.